वाट पाहावी, पण कशी?

तुमच्या गावात नळाला पाणी किती वाजता येतं? आमच्याकडे ते एक दिवसाआड येतं, आणि पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान त्याच्या मनात येईल तेव्हा येतं. पाऊण तास राहतं न् जातं. तेवढ्यात पिण्याचं, वापरायचं, सगळं भरून घ्यायचं. तेव्हा पाणी कधी येणार हा प्रश्न आपण सोडूनच द्यावा. आपल्यापुरता प्रश्न एवढाच, की ते येईपर्यंत बाईने करायचं काय?

याच्या तीन तऱ्हा मी पाहिल्या आहेत. काही जणी दर दहा मिनिटांनी उठून नळ सोडून बघतात. पाणी चुकत नाही, पण झोपही होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडतं. काही जणी तासातासाचा गजर लावतात. झोप थोडीफार होते, पण आपण बघून अंथरुणावर पडावं आणि पाचच मिनिटांनी पाणी यावं. पुढचा गजर होईतो ते गेलेलं! तिसऱ्या ज्या आहेत, त्या निजताना नळ सोडूनच ठेवतात आणि त्याखाली ॲल्युमिनियमचं पातेलं पालथं घालतात. पाणी आलं की पातेलं असं ताडताड वाजू लागतं, की शेजारचेसुद्धा उठावेत. ती बाई मात्र तोवर खुशाल गाढ झोपलेली असते.

तुम्ही म्हणाल, यात नवीन ते काय सांगितलं? नवीन काहीच नाही. पण नेमका हाच प्रश्न कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना पडतो, आणि त्याचं उत्तर नीट बसवण्यात मोठमोठ्या विद्वानांची उमेदीची वर्षं गेली, हे मला माझी नणंद घरी येईपर्यंत ठाऊक नव्हतं. मी इतिहास घेऊन बी. ए. झालेली. एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. माझा कॉम्प्युटरशी संबंध मुलांचे मार्क भरण्यापुरता.

नणंद पुण्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. २०२३ मध्ये कंपनीने माणसं कमी केली, त्यात तिचंही नाव निघालं. सामान घेऊन घरी आली तेव्हा सासूबाईंनी तिला जवळ घेतलं, पण मामंजींनी चौथ्याच दिवशी जेवताना सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत बघ. नाही जमलं तर मग आपण स्थळं बघायला लागू." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांच्या हिशेबी ती सोय होती. तिच्या ताटातली पोळी मात्र तशीच राहिली.

पहिल्या दोन मुलाखती गेल्या. दोन्हीकडे तिची गाडी एकाच ठिकाणी अडली. एक थ्रेड माल तयार करून डब्यात टाकतो, दुसरा डब्यातून काढून वापरतो. डबा भरला तर पहिल्याने थांबायचं, रिकामा झाला तर दुसऱ्याने थांबायचं. हे थांबणं कसं लिहाल? उत्तर तिला तोंडपाठ होतं. पण "असंच का लिहायचं?" म्हटलं की ती गप्प होई. मग तिनेच तोड काढली. मी दुपारी तांदूळ निवडायला बसले की ती समोर वही घेऊन बसायची. "वहिनी, तू ऐक. तुला कळलं तर मला कळलं." आणि बरं का, मला कळायला लागलं!

थ्रेड म्हणजे धागा. एका प्रोग्रॅमला एकाच वेळी पुष्कळ कामं करायची असतात. तुमच्या मोबाईलचंच घ्या ना: एकीकडून बहिणीने पाठवलेला फोटो उतरवून घ्यायचा, दुसरीकडे पडद्यावर तुमचं बोट कुठे लागलं ते बघायचं, तिसरीकडे गाणं चालू ठेवायचं. अशा प्रत्येक कामाचा एक धागा. पण काम करणारा जो प्रोसेसर, त्याचा एक गाभा एका क्षणी एकच धागा हाती धरू शकतो. म्हणजे शेगड्या अनेक आणि आचारी एक. तो प्रत्येकीपाशी काही हजारांश सेकंद थांबतो आणि पुढे सरकतो. आजच्या फोनमध्ये असे आचारी आठ-आठसुद्धा असतात, पण धागे शेकड्यांनी असतात, त्यामुळे रांग काही सुटत नाही.

आता यातल्या एका धाग्याला दुसऱ्याची वाट पाहायची आहे. त्याने पहिल्या तऱ्हेच्या बाईसारखं केलं, म्हणजे आपली पाळी आली की "आलं का? आलं का? आलं का?" असं विचारत बसला, तर त्याची सगळी पाळी त्या विचारण्यातच जाते. काम कवडीचं नाही, आणि ज्याच्या कामाची तो वाट बघतोय, तोच बिचारा पाळीसाठी मागे खोळंबलेला! वर फोन गरम होतो, बॅटरी उतरते. याला पोलिंग म्हणतात, आणि न झोपता असं सारखं विचारत बसण्याला बिझी वेटिंग. नाव किती नेमकं आहे बघा. बाई बसलेलीही नाही आणि काम झालेलंही नाही! मध्ये मध्ये थोडं झोपून विचारायचं, ही दुसरी तऱ्हा, गजराची. झोप कमी ठेवली तर शक्ती फुकट, जास्त ठेवली तर उशीर. कितीही नेम साधला तरी यातलं एक पदरात पडायचंच.

पातेलं पालथं घालणाऱ्या बाईची तऱ्हा ती तिसरी. धागा ऑपरेटिंग सिस्टिमला, म्हणजे घरच्या कारभारणीलाच म्हणा, सांगतो, "माझं नाव रांगेतून काढ आणि वाट पाहणाऱ्यांच्या यादीत घाल. अमुक गोष्ट झाली की मला उठव." तोवर त्याला पाळीच द्यायची नाही. ज्याच्या हातून ती गोष्ट घडते, त्याने हाक मारायची. इतकं सोपं! मग यात अडतं कुठे?

ते सांगण्याआधी एका गृहस्थांची ओळख करून देते. एड्सगर डाइक्स्ट्रा, हॉलंडचे. १९५७ साली त्यांचं लग्न झालं, तेव्हा नोंदणीच्या कागदावर त्यांनी धंदा म्हणून 'प्रोग्रॅमर' असं सांगितलं. ॲमस्टरडॅमच्या नगरपालिकेने ते नामंजूर केलं. असा धंदाच नाही म्हणे! शेवटी 'सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ' असं लिहिलं गेलं. १९७२ मध्ये ट्यूरिंग पारितोषिक घेताना केलेल्या भाषणात ही हकिगत त्यांनी स्वतःच सांगितली. त्यांची पत्नी त्याच गणितसंस्थेत हिशेबाचं काम करणाऱ्या मुलींपैकी एक होती. नवरोबांच्या धंद्याचा असा गाजावाजा झाला, आणि तिच्या रकान्यात काय लिहिलं होतं ते मात्र कुणी सांगत नाही! असो.

त्या काळी कॉम्प्युटरने छपाईच्या यंत्राला पुनःपुन्हा विचारत बसायचं, "झालं का तुझं?" यंत्र सावकाशीचं, कॉम्प्युटर झपाट्याचा, सगळा वेळ विचारण्यात जायचा. मग एक्स-वन नावाच्या कॉम्प्युटरमध्ये अशी सोय आली, की यंत्रानेच काम झाल्यावर कॉम्प्युटरला मध्येच हाक मारायची. डाइक्स्ट्रांनी १९५९ मध्ये त्यावर प्रबंध लिहिला. पण आधी ही कल्पना ऐकून आपण घाबरलो होतो, असंही त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. हाक कुठल्या क्षणी येईल याचा नेम नाही, आणि एकदा घडलेली चूक पुन्हा तशीच घडवून दाखवता येत नाही. घरात चार माणसं एकदम हाका मारू लागली की काय होतं हे आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे त्यांची भीती मला अगदी पटली.

पुढे त्यांनी सेमाफोर काढला. शब्द रेल्वेचा. रुळांच्या कडेला हात वर-खाली होणारा जो जुना सिग्नल असे, तो सेमाफोर. कल्पना आपल्या दाराच्या कडीला अडकवलेल्या दुधाच्या पिशवीसारखी आहे. दूधवाला येतो, पिशवीत दुधाच्या थैल्या टाकून जातो. तुम्ही दार उघडून एक घेतलीत की एक कमी झाली. पिशवी रिकामी असेल तर थांबायचं. थैली पडली की थांबलेल्यांपैकी एकाला जाग येते. तुम्ही आंघोळीला गेला होता म्हणून दूधवाल्याची फेरी वाया जात नाही, कारण पिशवी मोजदाद ठेवते. घेण्याच्या आणि टाकण्याच्या या दोन क्रियांना त्यांनी आपल्या भाषेतून 'पी' आणि 'व्ही' अशी अक्षरं दिली, आणि आजही पुस्तकांत तीच आहेत.

याच्या उलट कुकरची शिट्टी. ती वाजली तेव्हा तुम्ही गच्चीवर पापड वाळत घालत असाल, तर ती गेली. शिट्टी कुठे साठून राहत नाही. डाळीला तीन झाल्या की चार, हे मग देवालाच माहीत. प्रोग्रॅममध्ये या शिट्टीच्या जातीची जी वस्तू असते तिला कंडिशन व्हेरिएबल म्हणतात. नणंद ज्या प्रश्नाला अडायची तो इथलाच होता.

मी लग्न होऊन आले तेव्हा आम्ही जुन्या वाड्यात राहत होतो. सहा बिऱ्हाडं आणि अंगणात एक नळ. समजा, मी माडीवरून खाली आले आणि तळमजल्यावरच्या काकूंना विचारलं, "पाणी आलं का हो?" त्या म्हणाल्या, "नाही ग अजून. आलं की हाक मारते." मी जिना चढू लागले. मी जिन्यातच असताना पाणी आलं, आणि काकूंनी माडीकडे तोंड करून एक हाक मारली. मी खोलीत नव्हते, जिन्यातल्या अंधारात मला ऐकू आलं नाही. मी वर जाऊन निवांत पडले, हाकेच्या भरवशावर. हाक तर होऊन गेलेली! आता मी सकाळपर्यंत झोपणार. काकूंनी शब्द पाळला, मीही झोपण्याआधी विचारून आले; दोघींचंही काही चुकलं नाही, तरी पाणी गेलं. हे सांगितल्यावर नणंद टुणकन उठून बसली. "वहिनी, हेच ते! यालाच हरवलेली हाक म्हणतात. बघणं आणि झोपणं यांच्यामध्ये जी फट राहते ना, तीच बुजवायची असते."

ती बुजवायची कशी? तर नळाला कुलूप घालायचं आणि चावी एकच ठेवायची. ज्याला पाणी आलंय का ते बघायचंय त्यानेही चावी घ्यायची, आणि जी हाक मारणार तिनेही चावी हातात असल्याखेरीज नळाला हात लावायचा नाही. मी चावी घेऊन बघितलं, पाणी नाही. आता चावी कमरेला खोचून झोपले, तर काकूंना चावी कधीच मिळणार नाही. नळ उघडणार नाही, हाक येणार नाही, आणि मी जन्मभर झोपून राहीन. चावी आधी ठेवून मग झोपायला गेले, तर पुन्हा तीच जिन्यातली फट. म्हणून चावी खुंटीला लावणं आणि झोपणं ही एकच क्रिया झाली पाहिजे. मध्ये कुणाला बोट शिरकवायला जागा नको. माणसाला हे जमणार नाही, पण ऑपरेटिंग सिस्टिमला जमतं. 'वेट' नावाची आज्ञा नेमकं हेच करते: कुलूप सोडते आणि झोपवते, एका दमात. आणि जाग आल्यावर आधी चावी हाती घेते, मगच पुढे जाऊ देते.

जाग आली म्हणजे पाणी आलंच, असं मात्र समजायचं नाही. पाण्याच्या आधी नळातून हवा येते, तुम्हाला माहीत आहेच. फुस्स्‌ करते, पातेलं खडखडतं, उठून बघावं तर थेंब नाही. किंवा हाक खरी असते, पण आपण जिना उतरेपर्यंत दुसरीच बादली लागलेली असते. तेव्हा उठल्यावर डोळ्यांनी बघायचं, नसेल तर पुन्हा झोपायचं, पुन्हा हाक आली की पुन्हा बघायचं. प्रोग्रॅममध्ये यासाठी 'जर' लिहून भागत नाही, 'जोवर' लिहावं लागतं: जोवर पाणी नाही, तोवर झोप. नणंदेला विचारलेलं "असंच का?" ते या एका शब्दाबद्दल होतं.

यातही मतभेद झालेत बरं का. टोनी होअर म्हणून दुसरे थोर गृहस्थ. जन्म कोलंबोचा, माणूस इंग्रज. त्यांनी १९७४ मध्ये मांडलं, की हाक मारणाऱ्याने चावी तिथल्या तिथे उठणाऱ्याच्या हातात द्यावी, म्हणजे त्याला पुन्हा बघावं लागणार नाही. ऐकायला छान. पण १९८० मध्ये झेरॉक्स कंपनीतल्या लॅम्पसन आणि रेडेल यांनी मेसा नावाच्या भाषेच्या अनुभवावरून लिहिलं, की हाक ही नुसती सूचना समजावी, उठणाऱ्याने स्वतः खात्री करावी. १९९५ ला थ्रेडसाठी जे प्रमाण ठरलं त्यात आणि १९९६ मध्ये आलेल्या जावा भाषेत हीच दुसरी रीत आहे. मला विचाराल तर मीही लॅम्पसन-रेडेलच्या बाजूची. दुसऱ्याने "झालंय ग" म्हटलं, तरी गॅस बंद आहे की नाही ते आपण एकदा बघतोच की.

हाक एकीला मारायची की सगळ्यांना, हाही एक प्रश्न असतो. सगळ्यांना मारली तर सहा बादल्या एकदम नळावर आदळतात आणि पाच जणी चडफडत परत जातात. एकीलाच मारली, आणि नेमकी तिची टाकी आधीच भरलेली असली, तर ती कूस बदलून झोपते आणि बाकीच्या कोरड्या राहतात. सगळ्या एकाच गोष्टीसाठी थांबल्या असतील आणि एकीचंच भागणार असेल, तर एक हाक पुरते. नाहीतर सगळ्यांना उठवलेलं बरं.

तिसरी मुलाखत आमच्या जेवणाच्या टेबलावर झाली, लॅपटॉपवरून. तासभर मी मिक्सर लावला नाही, कुकर लावला नाही, आणि धाकट्याला घेऊन शेजारी जाऊन बसले. तो प्रश्न आलाच. तिने लिहून दाखवलं, समोरच्याने विचारलं, "इथे 'जर' का नाही चालणार?" तिने हवेच्या नळाचं नाव काढलं नाही, पण सांगितलं सगळं तेच. नंतर म्हणाली, "वहिनी, मला तो जिना दिसत होता ग डोळ्यांपुढे." दसऱ्याच्या आधी पत्र आलं. मामंजींनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि पेढे आणायला स्वतः गेले. स्थळांची वही त्यांनी कपाटात ठेवली आहे. फेकलेली नाही, हेही सांगून ठेवते.

ती गेली, पण माझ्या डोक्यात हे किडे सोडून गेली. एक वर्ष शाळेत माझा एक तास पहिला आणि एक सहावा होता. पैसे दोन तासांचे, थांबायचं मात्र साडेतीन तास. मधल्या वेळात "बाई आहेतच" म्हणून कुणाच्याही वर्गावर पाठवायचे, किंवा काहीच नाही. घरातही तेच. गॅसवाला येणार, प्लंबर येणार, कुरिअर येणार, "तू घरीच आहेस ना?" आपण घरीच असतो, पण दर दहा मिनिटांनी गॅलरीत डोकावतो, आणि हाती घेतलेलं काम धड होत नाही. संध्याकाळी कुणी विचारलं, "दिवसभर काय केलंस?" तर सांगण्यासारखं काही नसतं. ते बिझी वेटिंग होतं हो! मी मुख्याध्यापकांकडे जाऊन दोन्ही तास लागोपाठ मागून घेतले. गॅसवाल्याला म्हटलं, खालूनच एक मिस्ड कॉल दे, मी दार उघडते. मिस्ड कॉल ही तर मला फारच हुशारीची गोष्ट वाटते. शब्द एक नाही, पैसा खर्च नाही, नुसती हाक.

म्हणून पोलिंग सदाच वाईट, असंही नव्हे. फोडणी घातल्यावर मोहरी तडतडेपर्यंत तुम्ही दिवाणखान्यात जाऊन बसाल का? अर्ध्या मिनिटाचं काम. जाण्यायेण्यातच त्याहून जास्त वेळ जाईल आणि मोहरी जळेल. तिथे कढईकडे बघत उभंच राहायचं. धाग्याला झोपवणं आणि उठवणं यालाही खर्च पडतो, म्हणून दुसरा आचारी दोन क्षणांत काम उरकणार हे माहीत असलं, तर प्रोग्रॅमवालेही धाग्याला क्षणभर उभंच ठेवतात आणि त्यानंतर झोपवतात. दूध तापत ठेवलं असेल तेव्हा मात्र बघत उभं राहण्यात अर्थ नाही. त्याला ते दुहेरी भिंतीचं, शिट्टी वाजवणारं भांडं घ्यावं.

आठवीच्या मुलांना मी मंगळावरची एक गोष्ट सांगते, ती तुम्हालाही सांगावीशी वाटते. ४ जुलै १९९७ ला अमेरिकेचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं. उतरलं छान, पण काही दिवसांनी त्याचा कॉम्प्युटर मध्येच आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. कारण असं निघालं: हवामानाची नोंद करणारा एक अगदी कमी मानाचा धागा चावी घेऊन आत होता. मोठ्या मानाचा एक धागा त्या चावीसाठी बाहेर थांबला होता. इतक्यात मधल्या मानाचे धागे आले. त्यांना चावी नको होती, पण धाकट्यापेक्षा मान मोठा, म्हणून आचारी त्यांच्याकडेच वळला. धाकट्याचं काम संपेना, चावी सुटेना, थोरला तिष्ठत. देखरेख करणाऱ्या यंत्रणेने पाहिलं की थोरल्याचं काम वेळेत झालं नाही, आणि सगळंच पुन्हा सुरू केलं. आपल्या घरात सकाळी होतं तेच! धाकटा न्हाणीघरात, ह्यांना ऑफिसची घाई, आणि आपण धाकट्याचं अंग पुसायला निघावं तर मामंजी चहा मागतात. शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर तीच अडचण घडवून पाहिली आणि पृथ्वीवरूनच उपाय पाठवला: थोरला खोळंबला असेल, तर चावी सोडेपर्यंत धाकट्याला थोरल्याचा मान द्यायचा. आमच्याकडे आता न्हाणीघरात जो असेल त्याचं काम आधी, चहा नंतर.

आता सासूबाईंचं सांगते. गेल्या पावसाळ्यात त्या अंगणात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरी आणल्यावर मी रात्री तासातासाने उठून बघायची, "काही हवंय का?" चार रात्रींत माझे पाय सुजले. मग ह्यांनी बिनतारी बेल आणली: बटण त्यांच्या उशाशी, घंटा आमच्या खोलीत. पहिल्या दोन रात्री ती वाजली. नंतर आठवडाभर वाजलीच नाही. सगळ्यांना वाटलं, आता आराम पडला.

नवव्या की दहाव्या रात्री मला चारच्या सुमाराला आपली आपणच जाग आली. त्यांच्या खोलीत जाऊन बघते तो त्या टक्क जाग्या. पाण्याचं भांडं पलंगाखाली सांडलेलं, दुखण्याची गोळी हातात धरलेली. "केव्हापासून जाग्या आहात?" तर म्हणाल्या, "झाले असतील दोन तास. तू दिवसभर शाळा, घर करून दमतेस. म्हटलं, कशाला वाजवायची?" बेल उत्तम, माझे कान शाबूत, फट कुठेच नव्हती. पण हाक मारणाऱ्यालाच हाक मारायचा संकोच!

नणंदेला फोनवर सांगितलं, तेव्हा ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "वहिनी, 'वेट'ला वेळेची मर्यादा देता येते. हाक आली तरी उठायचं, आणि नाही आली तरी ठरल्या वेळी उठायचं. जावामध्ये उठल्यावर कळतसुद्धा नाही, आपण हाकेने उठलो की वेळ संपली म्हणून. काही बिघडत नाही. उठून बघायचंच असतं." यंत्राच्या बाबतीतही हे लागतं म्हणे, हाक मारणारा धागा मध्येच बंद पडला, तर त्याच्या भरवशावर झोपलेल्याला दुसरं कोण उठवणार?

तेव्हापासून बेल आहे, आणि दोन वाजताचा एक गजरही आहे. तासातासाने नाही, एकदाच. मी जाते, चादर सारखी करते, भांडं हाताशी ठेवते. कधी त्या गाढ झोपलेल्या असतात. कधी जाग्या असतात, आणि मला दारात बघून घाईघाईने बटणाकडे हात नेतात. "वाजवणारच होते हो आता," म्हणतात.